पहिल्या खुंटीवरचा पॅटर्न

३ मार्च, मंगळवार

जमलं! म्हणजे जवळजवळ जमलं! नमुना चार घातला, बाथरूममध्ये उभी राहून कमरेतून पेलाभर कोमट पाणी आत सोडलं, मग स्टुलावर वर्तमानपत्र अंथरून वीस मिनिटं घड्याळ लावून बसले. उठले — वर्तमानपत्र कोरडं! फक्त डाव्या मांडीच्या शिवणीपाशी बटणाएवढा डाग. कोटाचं नाही, शर्टाचं बटण! नमुना तीनच्या वेळी अख्ख्या पानाचा लगदा झाला होता.

आतून मऊ सुती, मग टॉवेलचं कापड दुहेरी, मग रेनकोटचं, वरून साधं पांढरं. दुकानातले तयार डायपर वापरून झाले. चालताना चरचरतात, आणि बसलं की मागून फुगतात. ज्याने कापले त्याला बाईचा घेर म्हणजे काय हे ठाऊकच नाही.

त्रेपन्न वर्षांची मी, त्यातली एकतीस कटिंग टेबलाशी उभी. हॉस्पिटलचे कोट, शाळांचे गणवेश, हॉटेलवाल्यांची जाकिटं — अर्ध्या गावाच्या अंगावर मी कापलेलं आहे. कारखान्यात मला ‘मास्तरीणबाई’ म्हणतात. आणि मास्तरीणबाई घरी बसून गुपचूप काय शिवताहेत, तर चड्डी! हसू येतंय. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितेय.

उद्या मांडीच्या शिवणीत पाव इंच वाढवायचं. नमुना पाच!

४ मार्च, बुधवार

ठमीचा फोन. (नाव चांगलं आहे लेकीचं, पण मी ठमीच म्हणते. आता स्वतः आई होणार, तरी ठमीच.) सातवा लागला. आवाज इतका खूश! बाळ लाथा मारतं म्हणे, आणि तेही तिची मीटिंग चालू असताना.

“आई, येतेस ना? निदान शेवटचे दोन महिने?”

“अगं, कारखान्यात सीझन आहे —”

“तुझा सीझन दोन वर्षं चाललाय, आई.”

मग म्हणाली, “राहू दे.” आणि ठेवला.

अकरा तासांचा बसचा प्रवास. बस दोनदाच थांबते. अकरा तास सोड, मला एका तासाची खात्री देता येत नाही! डायबिटीसला बारा वर्षं झाली, ही भानगड सुरू होऊन दोन. लागल्याची जाणीवच होत नाही. कधी दिवस दिवस काही नाही, आणि कधी नुसतं शिंकलं, वाकलं, की झालं.

पहिल्यांदा झालं ते तिच्या लग्नाच्या समारंभात. निळा रेशमी पोशाख, मी स्वतः शिवलेला. फोटोसाठी बोलावलं म्हणून खुर्चीतून उठले आणि मागे पाहिलं तर खुर्चीची गादी गडद झालेली. पर्स पाठीशी धरून मागच्या दाराने सटकले, रिक्षा केली, घरी. ठमीला वाटलं, जावई पसंत नाही म्हणून आई फोटोला थांबली नाही. आधी मी कुरकुर केली होतीच, त्यामुळे गोष्ट अगदी चपखल बसली. मीही बसू दिली. रागावलेली आई परवडली, असं तेव्हा वाटलं. किती मूर्ख मी!

५ मार्च, गुरुवार

कापडाच्या कपाटापाशी झालं. मोज्यात गरम लागलं तेव्हा कळलं. नशीब, आज काळं घातलं होतं. रोजच घालते.

८ मार्च, रविवार

नमुना पाच पास! दोन पेले, चाळीस मिनिटं, मधे दोनदा जिना उतरून चढले — कोरडं! स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता डोक्यात एकच. हे घालून बसमध्ये बसायचं. ठमीच्या दारात जाऊन उभं राहायचं. ती म्हणेल, सीझन संपला वाटतं? मी म्हणेन, संपला! बास. चड्डीचं कशाला सांगायचं?

शिवाय दुसरी युक्ती. उद्यापासून पाणी कमी. सकाळी एक कप बिनसाखरेचा चहा, दुपारी अर्धा पेला. आतच नाही तर बाहेर काय येणार!

१० मार्च, मंगळवार

पाण्याची युक्ती काही खास नाही. तोंडाला कोरड. पण हिंमत आहे अजून.

१२ मार्च, गुरुवार

थंडी वाजून ताप. लघवीला आग. शुगर मोजायच्या यंत्राने जो आकडा दाखवला तो इथे लिहीत नाही. इस्त्रीवाले भाऊ म्हणाले, “मास्तरीणबाई, तोंड बघा आरशात, घरी जा.” उद्या दवाखाना.

१३ मार्च, शुक्रवार

काय दिवस! सगळं क्रमाने लिहिते.

डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या आणि सिस्टरकडे पाठवलं. सिस्टर म्हणजे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आवाज मात्र हवालदाराचा. “पाणी किती पिता?” मी ऐटीत सांगितलं. तिने पेनच खाली ठेवलं. “कुणी सांगितलं हे?” मी म्हटलं, “माझं मीच.” “वाटलंच!” म्हणाली.

मग बाथरूमला जाऊन यायला सांगितलं. आले. मग पोटावर थंडगार जेल लावून एक यंत्र फिरवलं.

“आत्ता जाऊन आलात ना?”

“हो.”

“पूर्ण झालं असं वाटलं?”

“हो की.”

“साडेसहाशे मिलिलिटर अजून आत आहे.”

मी हसले! खरंच हसले, मला वाटलं यंत्र बिघडलंय. तिने पडदा माझ्याकडे वळवला. काळा मोठा गोळा. डायबिटीसने तिथल्या नसा मंदावल्या आहेत, म्हणाली. लघवीची पिशवी भरली हे कळत नाही, आणि पिशवी रिकामीही होत नाही. काठोकाठ भरून राहते आणि वरचं सांडतं. ते सांडलेलंच मी दोन वर्षं पुसत होते. वर पाणी तोडलं, मग आत साचलेलं नासणारच. असंच चालू ठेवलं तर मूत्रपिंडावर जाईल, हेही तिने स्पष्ट सांगितलं.

म्हणजे पाच नमुने मी चुकीच्या मापावर कापले! घेर न मापता उंचीच मापत बसले. नव्या पोरांना ज्या चुकीबद्दल ओरडते, तीच केली. घरी येऊन आधी स्वतःवर भयंकर चिडले, एक चमचा आपटला. मग अर्ध्या तासाने लक्षात आलं — अगं, यावर उपाय आहे! म्हातारपण नाही हे, नशीब नाही. पिशवी रिकामी करायची. एवढंच!

पाणी पिऊन लिहितेय. तिसरा पेला!

१६ मार्च, सोमवार

ताप उतरला. दर तीन तासांनी घड्याळ वाजतं, लागो न लागो जायचं. एकदा झालं की उठायचं नाही, दोन मिनिटं थांबून पुन्हा. गुरुवारी सकाळी सिस्टर लघवी काढायची नळी वापरायला शिकवणार आहे. स्वतःची स्वतः घालायची. तिला म्हटलं, मला जमणार नाही. म्हणाली, “काम काय करता?” सांगितलं. “मग तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर असणार.”

चड्डी सोडायची नाही मात्र. प्रवासात कमरेला भरवसा हवा. सिस्टरला नमुना पाच दाखवला. उलटा करून, ताणून, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, “हे शिवलंय कुणी?” मला आभाळ ठेंगणं! नमुना सहाचा पॅटर्न बुधवारी कारखान्यातच काढते, घरच्या टेबलावर कागद मावत नाही.

१९ मार्च, गुरुवार

अजून एका जागी बसवत नाहीये. आनंदाने की भीतीने, सांगता येत नाही. दोन्ही!

सकाळ: नळी जमली. दुसऱ्या प्रयत्नात! छोटा आरसा, साबणाने हात, हळूच. दुखलं नाही, नुसतं विचित्र वाटलं. बाहेर आलेलं मापून पाहिलं तर पाचशेच्या वर! पोट इतकं हलकं दोन वर्षांत लागलं नव्हतं. रस्त्याने जवळजवळ उड्या मारत कारखान्यात गेले.

आणि तिथे काय? टेबलाभोवती सगळे गोळा झालेले.

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी नमुना सहाचा पॅटर्न काढला. मग घाईत एक कागद पिशवीत कोंबला आणि एक खुंटीला लावला. पिशवीत गेला तो हॉस्पिटलच्या कोटाचा. आणि पहिल्या खुंटीला लागला तो — माझा! आमच्याकडे रीत अशी, की पहिल्या खुंटीवर जे असेल ते सकाळी अंथरलेल्या कापडावर कापायचं. विचारायचं नाही. रीत माझीच, वीस वर्षांपूर्वी मीच घातलेली, कारण विचारत बसले की वेळ जातो. मी दवाखान्यात. दाढीवाला कटर आला, खुंटीवरचा कागद काढला, आखला, आणि पांढऱ्या कापडाच्या चाळीस थरांतून विजेची सुरी फिरवून मोकळा!

चाळीस चड्ड्या!

“हे आहे काय?” मालकीणबाई दोन बोटांत एक तुकडा धरून विचारत होत्या. कुणी म्हणे लहान मुलांचं, कुणी म्हणे सायकलवाल्यांचं. दाढीवाला बिचारा पांढराफटक. “मास्तरीणबाईंचा पॅटर्न होता. मी डोळे मिटून कापतो.” त्याची नोकरी माझ्या चड्डीपायी जाणार की काय!

खोटं अगदी जिभेवर तयार होतं. नवीन गिऱ्हाईकाचा नमुना आहे — संपलं असतं. पण सकाळपासून अंगात काहीतरी शिरलं होतं, त्या रिकाम्या पोटाचाच गुण असेल. म्हटलं, “माझं आहे ते. माझ्यासाठी. मला डायबिटीस आहे, लघवी आवरत नाही. दोन वर्षं झाली. त्याची चूक नाही, माझी आहे.”

मशिनं बंद. सगळी!

बटणवालीने आपली खुर्ची जरा पलीकडे सरकवली. पाहिलं मी. लागलं. लागायचं ते लागणारच.

मालकीणबाईंनी तुकडा खाली ठेवला. “चाळीस कोट दुपारपर्यंत पुन्हा कापून हवेत,” म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या, वळल्या. “आणि कापलेलं कापड वाया घालवायचं नाही. शिवून टाका.”

दुपारी इस्त्रीवाले भाऊ चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले. साठीचा माणूस, एरवी थट्टेशिवाय तोंड उघडत नाही. खाली बघून म्हणाले, “प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मी पाच महिने टॉवेलची घडी घालून यायचो. इस्त्रीच्या टेबलामागे उभा असतो ना, म्हणून कुणाला कळलं नाही.” मग म्हणाले, “बाप्यांसाठी पॅटर्न काढाल का? सगळं पुढे लागतं आम्हाला.” मी इतकी हसले की — हो, थोडंसं झालं. नमुना पाचने झेललं!

२० मार्च, शुक्रवार

दाढीवाला आज पॅटर्न हातात घेऊन विचारत होता, “हा नक्की कोटाचाच ना?” चारदा. रीत मोडली म्हणायची.

२२ मार्च, रविवार

चाळीस लोकांसमोर बोलले आणि पोटच्या पोरीशी बोलत नाही! हे काय शहाणपण?

फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. मग कापडाच्या कपाटात बोलल्यासारखं, उशीत तोंड घालून आवाजाचा निरोप रेकॉर्ड केला. चार वेळा पुसला. पाचवा पाठवला. “ठमे, तुझ्या लग्नातून मी रागाने गेले नाही. माझे कपडे ओले झाले होते. खुर्चीसुद्धा. मला लाज वाटली म्हणून पळाले, आणि तुला राग वाटला तर वाटू दिला, कारण ते सोपं होतं. सीझनबिझन काही नव्हता गं. बसमध्ये बसायची भीती वाटत होती. आता त्यासाठी खास चड्डी शिवलीय मी. जावई चांगला आहे. फोटोला उभं राहायचं होतं मला.”

पाठवल्यावर फोन डब्यात घालून झाकण लावलं. वेडी कुठली.

२३ मार्च, सोमवार

ऐकलंय. ऐकल्याची खूण आली. उत्तर नाही.

२५ मार्च, बुधवार

उत्तर नाही. बटणवालीने आज न बोलता माझ्या टेबलावर इलॅस्टिकचं रीळ ठेवलं. रुंद, मऊ, चांगल्यातलं. तेही उत्तरच म्हणायचं का? ठमीचं मात्र नाही.

२८ मार्च, शनिवार

रंगीत तालीम! शहर बसमध्ये पहिल्या स्टॉपला बसले, शेवटच्या स्टॉपपर्यंत, तीच बस परत, पुन्हा एकदा. साडेतीन तास! मधे शेवटच्या स्टॉपजवळच्या सार्वजनिक बाथरूममध्ये नळी, आरसा, साबण — सगळं पिशवीतून, उभ्याउभ्या. जमलं! तिथली कडी मोडकी आहे, पाय दाराला टेकवावा लागला. तिसऱ्या फेरीला कंडक्टर म्हणाला, “आजी, उतरायचं कुठे?” म्हटलं, “कुठेच नाही!” उतरले तेव्हा सीटही कोरडी, मीही कोरडी.

आजी म्हणाला. होईनच आता!

३१ मार्च, मंगळवार

उत्तर नाही. तिकीट काढलं तरी. शनिवार, अकरा एप्रिल, सकाळची बस, दारामागची पहिली सीट. जावयाला तेवढं कळवलं. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याचं काय करायचं? तोही तिला घाबरत असणार.

दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. तीन तास तरी निर्धास्त बसू शकते आता!

२ एप्रिल, गुरुवार

बसच्या ऑफिसात गेले. आरशासमोर आठवडाभर वाक्य घोकलं होतं. ड्रायव्हर स्वतः तिथेच उभा, मिशीवाला, आडदांड. एका दमात म्हटलं, “मला डायबिटीस आहे, दर तीन तासांनी बस थांबवावी लागेल, कृपा करा.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “तीन? मला दोनच जमतात. मलाही आहे! माणसं शिव्या देतात, म्हणतात ड्रायव्हर चहाबाज आहे.”

आम्ही तिथेच शुगरचे आकडे सांगत बसलो. त्याचा माझ्यापेक्षा वाईट.

६ एप्रिल, सोमवार

सिस्टरने पुन्हा यंत्र फिरवलं. नळीनंतर आत वीस! वीसच! साडेसहाशेवरून! तिला मिठी मारली. ती म्हणाली, “जेल लागेल कोटाला.” कोट माझ्याच कटिंगचा होता, लागू दे.

नमुना सहाचे सात नग तयार. बॅगेत तीन पांढरे, दोन निळे, दोन भाऊंनी इस्त्री करून दिलेले. चड्ड्यांना इस्त्री! मालकीणबाईंनी दोन महिन्यांची रजा लिहून दिली आणि त्यांच्या आईच्या कमरेचं माप माझ्या हातात ठेवलं. कशासाठी, काही बोलल्या नाहीत. माप बोलतंच.

ठमी गप्प. सोळावा दिवस.

८ एप्रिल, बुधवार

भीती वाटतेय. बसची नाही. ठमी दारात उभी राहून ‘राहू दे’ म्हणाली तर?

निळं घालून जायचं ठरवलंय. काळं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

सकाळी दारावरची घंटा. ठमी! भलं मोठं पोट, विस्कटलेले केस, मागे जावई दोन बॅगा घेऊन. मी तोंड उघडायच्या आत मला बाजूला ढकलून आत पळाली. “बोलू नकोस, आई, बाथरूम, आधी बाथरूम!” दार धाडकन लागलं. मग आतून, “नाही पोहोचले गं वेळेवर!” आणि हसायला लागली, हसता हसता रडायला. जावई तसाच दारात उभा. “सतरा दिवस तो एकच निरोप ऐकतेय,” म्हणाला.

आतून पुन्हा आवाज: “आई, तिकीट रद्द कर. बाळ इथेच होणार आहे. आणि मला तुझी एक चड्डी दे!”